एकट्याची सायकल, चौघांची सायकल

पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्या साठीपुढच्या माणसाला नांदेडमध्ये दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तो एकटा दिसला तर, "सोबत कोणी नाही का?" आणि घोळक्यात दिसला तर, "या वयात पोरांची बरोबरी कशाला?" दोन्ही प्रश्नांमागे आपुलकी असते, म्हणून दोन्हींना मी हसून उत्तर देतो. परंतु बँकेतून निवृत्त झाल्यापासूनच्या सात वर्षांत दोन्ही तऱ्हांनी सायकल चालविल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की, हे दोन निराळे व्यवहार आहेत आणि त्यांचे जमाखर्च निरनिराळ्या खात्यांत मांडावे लागतात.

सोबतीचा पहिला लाभ निखळ हिशेबाचा आहे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बरीचशी शक्ती वारा कापण्यात जाते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. पुढच्या सायकलीच्या मागे हात-दोन हात अंतर ठेवून चालणाऱ्याला हा विरोध पुष्कळ कमी लागतो. शर्यतीतल्या वेगाला ही बचत मोठी असते, आमच्यासारख्यांच्या ताशी अठरा-वीस किलोमीटरच्या चालीला अर्थातच कमी. तरीही समोरून वारा असला की तिचे मोल कळते. नांदेडहून लातूर नैऋत्येला आहे. आषाढात वाहणारा पश्चिमेचा वारा जाताना तोंडावर येतो, त्यातच गोदाकाठ सोडून बालाघाटच्या पठारावर चढायचे असते. एका आषाढात आम्ही चौघे लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरला गेलो. पाच-पाच मिनिटांनी पुढचा माणूस बाजूला होऊन मागे जायचा आणि दुसरा पुढे यायचा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम आमच्यापैकी तिघांचा होता. गंजगोलाईच्या परिसरात आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस बराच शिल्लक होता. एकट्याने त्या वाऱ्यात मला ते साधले नसते, हे मी निःसंकोच सांगतो.

परंतु या लाभाचे व्याज भरावे लागते. पुढच्याच्या चाकामागे चालताना नजर त्या चाकावर खिळलेली असते. माळेगावचा माळ, जिथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार बसतो, तो त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोरून गेला, पण मी पाहिला नाही. शिवाय पुढच्याने अकस्मात ब्रेक दाबला तर मागचे तिघेही पडणार. भागीदारी पेढ्यांना कर्ज देताना मी शेकडो वेळा 'संयुक्त आणि पृथक् जबाबदारी' हे शब्द कागदावर वाचले असतील. १९३२च्या भागीदारी कायद्याचे ते तत्त्व, एका भागीदाराच्या व्यवहाराला इतरांनीही बांधील असावे हे, मला पोटातून कळले ते मात्र सायकलीवर.

आणि या हिशेबात एक नोंद अशी आहे की जी आपल्या वाचकांखेरीज इतरांना कदाचित हास्यास्पद वाटेल. पावसाळ्यात मराठवाड्याच्या रस्त्यांवर वाणी निघतात. काही जण त्यांना पैसा म्हणतात, कारण स्पर्श होताच तो जीव नाण्यासारखा गुंडाळून घेतो. कोवळ्या सोयाबीनची रोपे त्या कुरतडतात म्हणून शेतकरी त्यांच्यावर रुष्ट असतो, आणि त्याचा रोष मी समजू शकतो. पण डांबरावर पहाटे रांगणाऱ्या वाणीने माझे काय बिघडविले आहे? चालताना पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती साधूंना सांगितली आहे. आपण गृहस्थ, त्यातही चाकांवर बसलेले. पूर्ण पालन आपल्याला शक्य नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एकटा असलो की मी वेग उतरवितो, हँडल किंचित वळवून जीव वाचवितो. घोळक्यात हे करता येत नाही. वितभर बाजूला सरकलो तर मागचा माणूस माझ्या चाकावर आदळेल. एकीकडे वाणीचा जीव आणि दुसरीकडे मागच्याचे हाड, या निवडीत मी मागच्याचे हाड राखतो आणि ती करकर ऐकतो. म्हणूनच पहिल्या पावसापासून पर्युषणापर्यंत मी मोठ्या गटाबरोबर जात नाही. गटातल्या तरुणांना कारण सांगितले तेव्हा त्यातला एक हसला आणि दुसऱ्याने विचारपूर्वक मान हलविली. दोघेही जैन नव्हते.

एकट्याच्या फेरीबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण ती सांगितल्याने उणावते. आसना नदीचा पूल ओलांडून अर्धापूरच्या दिशेला लागलो की दोन्ही अंगांना केळीच्या बागा आणि हळदीची शेते लागतात, आणि एक वेळ अशी येते की साखळीच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही. बारा भावनांतली चौथी एकत्व भावना. जीव एकटा येतो, एकटा जातो, आपले कर्म एकटाच भोगतो, हे मी बालपणापासून ऐकत आलो. त्याचा थोडासा अर्थ अशा वेळी लागतो. पंक्चर झाल्यावर तर अधिकच लागतो.

पण मनुष्य सायकलीवर खरोखर एकटा असतो का, ही शंका मला एका प्रसिद्ध स्पर्धेमुळे आली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत असते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघाने पूर्ण केली. एक भाऊ चालवीत असताना दुसरा गाडीत विसावा घ्यायचा. २०१७ साली लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. एकट्याने म्हणजे दुसऱ्याच्या आडोशाला चालण्याची मुभा नाही. परंतु त्या एकट्याच्या मागेही गाडी असते, आणि तिच्यात वाट पाहणारे, अन्न-पाणी देणारे, झोपेने डोळे मिटू लागले की हाका मारणारे लोक असतात. उलट 'ब्रेव्हे' नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत, जिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात, पन्नास माणसे एकत्र निघाली तरी प्रत्येकाचे कार्ड निराळे, त्यावरचा शिक्का निराळा. बाहेरची मदत नेमलेल्या ठाण्यांखेरीज घेता येत नाही. एकटा म्हणविणारा संघाच्या बळावर जातो आणि संघात चालणाऱ्याला आपले कार्ड स्वतःच भरावे लागते.

आपल्या श्वेतांबर आगमपरंपरेने हा भेद फार पूर्वी नोंदविला आहे. संघापासून दूर, एकाकी विचरणारा तो जिनकल्पी आणि गच्छात राहणारा तो स्थविरकल्पी. जंबूस्वामींनंतर जिनकल्पाचा विच्छेद झाला असे मानले जाते, म्हणजे आजचा आपला सारा श्रमणवर्ग स्थविरकल्पी आहे. महामार्गावरून पहाटे विहार करणाऱ्या साधू-साध्वींना ट्रक-टेम्पोचे भय किती असते, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच गावोगावी श्रावक त्यांच्यासोबत पायी निघतात. ही सेवा पाहताना मला नेहमी वाटते की सोबत करणाऱ्याने वेग ठरवायचा नसतो. विहाराचा वेग सर्वांत वृद्ध साध्वीजींचा असतो.

हे सारे लिहिण्याचे निमित्त आमचे एक स्नेही आहेत. मोंढ्यात त्यांची अडत आहे. लातूरच्या त्या फेरीत ते होते, आणि चाकूरच्या पुढे सर्वांत जास्त वेळ वारा त्यांनीच अंगावर घेतला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी काही महिन्यांनी सायकलला अनुमती दिली, पण रस्ता सपाट असावा, आणि वेग असा असावा की धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता यावे. आता आम्ही दोघे रविवारी लातूर रस्त्याने विद्यापीठाच्या फाटकापर्यंत जातो. त्यांची नवकारसी असते, म्हणून सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत पाणीही नाही. पूर्वी गट चहाला थांबला की ते एकटेच सायकली राखीत उभे राहायचे. आता आम्ही घरी परतूनच पाणी घेतो.

त्यांचा मुलगा गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. "काका, तुम्हीच त्यांना नाही म्हणा. ते तुमचंच ऐकतात." त्याचे भय खोटे नाही. बापाच्या छातीवर हात ठेवून ज्याने रात्री काढल्या, त्याला कायद्याच्या भाषेत उत्तर देता येत नाही. मी एवढेच म्हणालो की, मी नाही म्हटले तर ते सायकल सोडणार नाहीत, एकटेच जातील. त्यानंतर तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने आमच्या परतीची वेळ विचारून घेतली. आता रविवारी सव्वासातला त्याचा फोन येतो.

डॉक्टरांची ती अट पाळायला दुसरा माणूस लागतो, हे मला हळूहळू उमगले. एकट्याने चालणाऱ्याचे वाक्य कोण ऐकणार? म्हणून आम्ही बोलत जातो. सोयाबीनमधला ओलावा, नातवाची सीएची परीक्षा, पाठशाळेला जागा कुठे मिळेल. बोलणे तुटले की मी गिअर उतरवितो आणि साखळीकडे पाहिल्यासारखे करतो. परवा विष्णुपुरीच्या अलीकडे चढावर त्यांचे वाक्य मध्येच थांबले. मी साखळी पाहिली. आम्ही उतरून सायकली हातात धरून चालू लागलो. वर पोहोचल्यावर ते म्हणाले, "आणि तुरीचं म्हणत होतो, या भावाला मी एक पोतं विकणार नाही."