व्हॅक्यूमवर जगणारे

मामाच्या जीपचा वायपर उतारावर झपाझप चाले आणि चढावर मान टाकी. साखरप्याहून आंबा घाट चढताना जुलैचा पाऊस काचेवर कोसळत असायचा, जीप दुसऱ्या गियरमध्ये गुरगुरत असायची आणि नेमका तेव्हाच वायपर काचेच्या मध्यावर थबकायचा. मग मामा क्षणभर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, वायपर दोन फेऱ्या मारून घ्यायचा, की मामाचा पाय पुन्हा खाली. आम्हा भाचरांना ही मामाची खास विद्या वाटायची.

त्या वायपरला वीज लागतच नसे. हरिकेन इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डपासून निघालेली एक रबरी नळी काचेच्या चौकटीपर्यंत जायची आणि तिच्यातल्या व्हॅक्यूमवर वायपरचं सगळं चालायचं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची चकती असते. पाय उचलला की ती जवळजवळ बंद होते. पिस्टन मात्र खाली उतरतच असतात, हवा मागतच असतात. मागितलेली हवा मिळत नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगवर 17 ते 22 इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम दाखवतं. तीच गाडी 1,370 मीटरवरच्या महाबळेश्वरला नेली, तर गेजची सुई चार-साडेचार इंचांनी खाली येते. गाडी आजारी नसते, वरची हवाच विरळ असते. चढावर थ्रॉटल पुरता उघडला की हवा मोकळी आत येते, पोकळी भरते आणि वायपर उपाशी राहतो.

पेट्रोल परवडेना, तेव्हा मामाने कोल्हापूरच्या उद्यमनगरात जीपला डिझेल इंजिन घालून घेतलं. ते प्यूजोचं होतं, 2,112 सीसीचं. गाडी घाटात न दमता चढू लागली, खर्च उतरला, आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढला. पहिल्या पावसात वायपर जागचा हलला नाही. डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं यावर. हवेची वाट कुणी अडवत नाही. श्वास आवरायचाच नाही, तर पोकळी येणार कुठून? वस्तादांनी विजेचा वायपर बसवून दिला आणि जुनी नळी कापून टाकली. मामाला म्हणाले, "इंजिन बसलं म्हंजे गाडी झाली न्हवं, पाव्हणं."

पुढे मी याच धंद्यात पडलो आणि कळलं, की वायपर हे त्या घरातलं सगळ्यात गरीब खातं होतं. व्हॅक्यूमवर जगणारे बडे निराळेच. डिस्ट्रिब्यूटरवरची चपटी डबी त्यावर स्पार्कची वेळ पुढे-मागे करते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत एसी लावला की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, व्हॅक्यूम एका पडद्याला खेचतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंग चढतं. आणि या सगळ्यांवर ब्रेकचा बूस्टर. त्या पत्र्याच्या डब्यात मधोमध रबरी पडदा असतो. एरवी त्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम. पेडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलते. म्हणजे जोर व्हॅक्यूमचा नव्हेच, आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा. व्हॅक्यूम फक्त त्याला वाट करून देतो.

मला यातला योगायोग फार आवडतो. ब्रेक मारण्याआधी माणूस ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतोच. त्याच क्षणी थ्रॉटल मिटतो आणि व्हॅक्यूम भरात येतो. इंजिनाला आवरण्यातूनच गाडी थांबवण्याचं बळ मिळतं.

कार्बोरेटरच्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन बसवायचं, तर माउंटिंग, गियरबॉक्स आणि वायरिंगवर सगळ्यांची नजर असते. नळ्या शेवटी, संध्याकाळच्या घाईत लागतात. खरं तर तिथेच सावकाश हात चालवावा. बूस्टरची नळी मॅनिफोल्डच्या मुख्य पोकळीवरून थेट घ्यायची. तिच्यात टी घालून दुसऱ्या कुणाची सोय लावायची नाही. तिच्यातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह इंजिनाकडे तोंड करूनच बसला पाहिजे, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी एक-दोन ब्रेकपुरतं बळ डब्यात शिल्लक राहतं. नळी जाड भिंतीची हवी. पातळ नळी गरम झाली की आतल्या आत चिकटते, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. मॅप सेन्सरला स्वतंत्र तोटी द्यायची आणि त्याची नळी मॅनिफोल्डकडून सेन्सरकडे चढती न्यायची, म्हणजे तिच्यात ओल साठत नाही. उरलेल्या तोट्यांना टोप्या घालायच्या. एक तोटी उघडी राहिली, तरी आयडलिंग वरखाली नाचतं आणि गाडी मिसिंग करते. असा लीकेज शोधायला आमच्याकडे अजून कानाला लावलेला रबरी पाइपच चालतो. त्याचं दुसरं टोक जोडाजोडावरून फिरवत गेलं, की फटीतून आत शिरणारी हवा कानात सुळसुळते.

त्याच जिप्सीत डिझेल घालायचं म्हटलं, तर हिशोबच बदलतो. व्हॅक्यूम फुकट मिळत नाही, त्यासाठी पंप लागतो. काही इंजिनांत तो अल्टरनेटरच्या शेपटाला असतो, काहींत कॅमशाफ्टच्या टोकाला. अल्टरनेटरवरच्या पंपाला तेलाचीही सोय लागते, म्हणजे तेल आणणारी एक नळी आणि परत संपमध्ये सोडणारी दुसरी. भंगार बाजारात इंजिन स्वस्तात मिळालं, पण हा पंप बरोबर आला नाही, तर गाडी धावेल झकास आणि थांबताना पेडल दोन्ही पायांनी दाबावं लागेल. आता काही विजेच्या गाड्यांतही बूस्टरसाठी विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप असतो. इंजिन गेलं, तरी त्याच्या जिवावर वाढलेलं एक खातं अजून पोसावं लागतं.

म्हणून इंजिन बदलायला कुणी आलं, की मी आधी हॉर्सपॉवर विचारत नाही. बॉनेट उघडून मॅनिफोल्डला किती नळ्या आहेत आणि कुठली कुठे जाते, ते वहीत काढायला लावतो. प्रत्येक नळीपुढे नव्या इंजिनात तिची सोय काय, ते लिहायचं. बाकीच्या रकान्यांत एखादं प्रश्नचिन्ह चालतं. बूस्टरपुढचा रकाना कोरा असेल, तर त्या गाडीचं इंजिन मी उतरवत नाही.