आबांची गाडी, नानांची बस

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. मागल्या उन्हाळ्यात तो तिकडे एका मेळाव्याला गेला होता आणि तिथली पन्नास-साठ छायाचित्रे त्याने नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पाठवली. त्या देशात जुन्या आगगाड्या जपणाऱ्या हौशी मंडळींच्या संस्था गावोगाव आहेत. वेल्समधली तालिलिन नावाची चिमुकली रेल्वे १९५१ साली अशाच मंडळींनी चालवायला घेतली आणि पुढे ती प्रथाच पडून गेली. अशा रेल्वेच्या आवारात कधीकधी जुन्या बसगाड्याही रंगवून, पुसूनपासून आणून उभ्या करतात आणि लोक मुलाबाळांसह दिवसभर त्या पाहत हिंडतात.

नानांना चौऱ्याऐंशी वर्षे झाली. ते एकेक चित्र सावकाश पाहत होते. एकापाशी थांबले. त्यात वाफेचे इंजिन आणि जुनी तांबडी बस शेजारी शेजारी उभी होती.

"ही दोघे एकाच मैदानात उभी राहतात?" त्यांनी विचारले.

"मेळावाच आहे तो नाना. राहणारच."

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विषय बदलला. मला मात्र त्या प्रश्नाचा अर्थ ठाऊक होता. आमच्या घरात ती दोघे एका मैदानात कधीच उभी राहिली नव्हती.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, उज्जैन-आगर रेल्वेवर गार्ड होते. आजच्या उज्जैनकरांपैकी अनेकांना अशी रेल्वे होती हेही ठाऊक नाही. ग्वाल्हेर दरबारने माळव्याच्या या भागात दोन फूट रुंदीचा रूळ टाकला आणि १९३२ साली उज्जैनहून आगरला गाडी जाऊ लागली. अंतर सत्तर किलोमीटरांच्या आतले. माथेरानच्या गाडीचा रूळ आहे ना, तेवढीच याची रुंदी. पण माथेरानला लोक हौसेने जात आणि आगरच्या गाडीत कपाशी, धान्य, कोर्टाची कामे आणि माहेरवाशिणी जात. खेळण्यातली गाडी असे तिला कोणी म्हटले की आबांना ते लागे. छोट्या गाड्यांविषयी सर्वत्र सांगतात तशी एक गोष्ट आमच्याकडेही सांगत, की उतारू खाली उतरून बोरे वेचीत आणि पळत येऊन पुन्हा डब्यात बसत. आबा म्हणत, "गार्डाच्या देखत? कोणाची छाती होती?"

त्यांची काळी लोखंडी पेटी अजून आमच्या घरी आहे. गार्डाचा संसार तिच्यात असे : तांबडे आणि हिरवे निशाण, तीन रंगांची बत्ती, धुक्यात रुळावर ठेवायचे फटाके. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आणि खाली 'गार्ड, उज्जैन' अशी अक्षरे आहेत. गेली चाळीस वर्षे आई आणि तिच्यामागून मी त्या पेटीत कुरडया आणि सांडगे ठेवत आलो आहोत. मुंग्या लागत नाहीत.

नाना १९६३ साली रोडवेजमध्ये कंडक्टर म्हणून लागले. महाराष्ट्रातले आमचे नातेवाईक एसटी म्हणतात, आम्ही रोडवेज म्हणतो. मध्य भारत राज्याची जी रोडवेज होती ती १९६२ साली मध्य प्रदेश राज्य परिवहन निगमात गेली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडची रोडवेज काही गेली नाही. त्याआधी संस्थानी काळात 'ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी'च्या मोटारी धावत. ही कंपनी एवढी मोठी की १९४८ च्या मे महिन्यापर्यंत खुद्द दिल्ली शहराची बससेवा तिच्याकडे होती. ग्वाल्हेरच्याच नावाने रूळही पडले आणि मोटारीही सुटल्या, हे मला थोरपणी वाचनातून कळले. घरात हे कोणी बोलत नसे, कारण नानांना पहिलाच मार्ग मिळाला तो उज्जैन-आगर.

यात भांडण झाले नाही. आबा मोठ्याने बोलणारे नव्हतेच. पण एका ताटात जेवणाऱ्या बापलेकांपैकी एकाने गाडीतल्या उतारूंची संख्या सांगू नये आणि दुसऱ्याने बसमधल्या, असा एक अलिखित नियम आमच्या स्वयंपाकघरात होता. आई पोळी वाढताना विषय पावसावर नेई. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. सुटीत आबांच्या ब्रेकच्या डब्यात बसून मी दोनदा आगरला गेले आहे, आणि त्या प्रवासातला कोळशाचा कण डोळ्यात गेल्याचे अजून आठवते. परतताना नानांची बस धुरळा उडवीत पुढे निघून गेली तेव्हा मी हात हलवला होता. आबांनी तिकडे पाहिले नाही.

१९७५ साली, आणीबाणीच्या वर्षी, ती रेल्वे बंद झाली आणि रूळ उखडले गेले. आबांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरले होते. ते त्यांनी मोठ्या रुळाच्या स्टेशनात काढले.

असो. ती छायाचित्रे आल्यानंतर माझ्या मुलाने शोध घेतला, की आपल्याकडे असे काही कोठे आहे का. जुन्या बसगाड्यांचा मेळावा काही सापडला नाही. पण महूजवळची पातालपानी ते कालाकुंड ही मीटर गेजची गाडी आहे. २०१८ च्या नाताळच्या दिवशी ती वारसा गाडी म्हणून सुरू झाली आणि पावसाळ्यात आठवड्याच्या अखेरीस धावते. श्रावणातल्या सोमवारी महाकाळाच्या सवारीमुळे उज्जैनबाहेर पडणे आणि आत येणे दोन्ही कठीण, म्हणून आम्ही शनिवार धरला. पहाटे निघालो, इंदुरात पोहे-जिलेबी घेतली आणि महू मागे टाकून पातालपानीला पोहोचलो. नाना वाटेत फारसे बोलले नाहीत. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, एवढे मी पाहून ठेवले.

गाडी उभी होती. डब्यांना मोठाल्या काचा, आत गुबगुबीत खुर्च्या, पुढे डिझेलचे इंजिन. "धूर नाही," नाना म्हणाले. ही तक्रार की समाधान, ते कळले नाही. मग काठी टेकत ते थेट शेवटच्या डब्याकडे निघाले. तिथे पांढऱ्या गणवेशातला एक तरुण उभा होता.

"आप गार्ड हैं?"

"ट्रेन मॅनेजर, बाबूजी," तो नम्रपणे म्हणाला. २०२२ पासून रेल्वेने गार्डांचे हे नवे नामकरण केले आहे.

नाना माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मॅनेजर तर डेपोत बसतात. गाडीवर कधीपासून आले?" पण त्यांनी त्या तरुणाच्या हातातल्या निशाणाकडे बराच वेळ पाहिले.

अकराच्या सुमारास गाडी हलली. या घाटाची कथा थोडक्यात सांगायची तर अशी : दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीने, आणि त्यातून खंडव्याहून इंदुरास येणारा हा मार्ग झाला. मागोमाग ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी इंदूर-नीमच मार्गासाठी पंचाहत्तर लाख दिले. फतेहाबादवरून उज्जैनला १८७६ साली पोहोचलेला रूळ त्यातलाच. म्हणजे आमच्या भागात आगगाडी आली ती मराठी संस्थानिकांच्या पैशावर. उज्जैन-फतेहाबादचा तो मीटर गेज २०१४ साली बंद पडला आणि २०२१ च्या नोव्हेंबरात तिथे मोठा रूळ सुरू झाला. महूच्या खालचाही २०२३ साली बंद झाला. घाटातला नवा मोठा रूळ दुसऱ्या वाटेने जायचा आहे, म्हणून हा पातालपानी-कालाकुंडचा तुकडा तेवढा हौसेसाठी राहिला.

धबधब्यापाशी गाडी थांबते. लोक उतरतात, चित्रे काढतात. टंट्या भिल्लाचे देऊळही याच परिसरात आहे. १८८९ साली त्याला जबलपुरात फाशी दिले, आणि इथून जाणारी प्रत्येक गाडी त्याला मान देण्यासाठी थांबते अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. रेल्वेची माणसे म्हणतात की घाट उतरण्यापूर्वी ब्रेक तपासावे लागतात. नानांना दोन्ही कारणे पटली. पुढे चार बोगदे लागतात, दरीत ढग उतरलेले असतात आणि मुले प्रत्येक बोगद्यात ओरडतात. आमच्या डब्यातली वडीलधारी माणसेही ओरडत होती. माझा नातू तर नानांनाही "ओरडा ना पणजोबा" म्हणून आग्रह करू लागला. तिसऱ्या बोगद्यात नाना ओरडले, पण ते भलतेच काही. अंधारात त्यांचा आवाज खणखणीत आला : "आगर! आगर! आगर वाले आ जाओ!"

डबा हसला. नाना हसले नाहीत. उजेड आला तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत होते.

कालाकुंडला गाडी दोन तास थांबते. स्टेशन म्हणजे डोंगराच्या कुशीतले चार खोल्यांचे घर, शेजारी चोरल नदी आणि पानाच्या द्रोणात मिळणारा कलाकंद. गावाच्या नावावरून मिठाई की मिठाईवरून नाव, यावर आमच्या मंडळींची चर्चा रंगली. पोरे नदीकडे गेली. नाना आणि मी झाडाखालच्या बाकावर बसलो. द्रोण अर्धा झाल्यावर ते म्हणाले,

"आमची बस गाडीच्या दहा मिनिटे आधी सुटायची. मी देवास गेटवरून स्टेशनापर्यंत चालत जायचो आणि दरवाजात उभा राहून ओरडायचो. तसे ओरडायला मला कोणी सांगितले नव्हते. नवी नोकरी, बस भरलेली दिसावी, एवढेच. तिकीट काढून डब्यात बसलेले लोकसुद्धा उतरून यायचे. एकदा आबा हिरवे निशाण घेऊन खाली उभे होते आणि त्यांच्या पुढ्यातून एक अख्खे वऱ्हाड माझ्यामागे आले. नवरीसकट."

"आबा काय म्हणाले?"

"काही नाही. शिटी वाजवली. वेळ झाली होती."

मी गप्प राहिले. साठ वर्षे या माणसाने ही गोष्ट सांगितली नव्हती. गाडी बंद पडायला त्यांचे ओरडणे कारण झाले असे मी म्हणणार नाही. देशभर छोट्या रुळांची हीच गत झाली, रस्ते सुधारले की उतारू रस्त्यावर येतात. ग्वाल्हेर-श्योपूरची दोनशे किलोमीटरची तशीच गाडी २०२० पर्यंत टिकली, तीही शेवटी थांबलीच. मी हे सारे नानांना सांगू लागले. त्यांनी हाताने थांबवले.

"ते मला कळते. सन अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात आबा माझ्या बसमध्ये बसले, हे तुला ठाऊक नाही."

मला खरोखर ठाऊक नव्हते. आबांना आगरच्या बैजनाथाला जायचे होते. ते सरळ देवास गेटवर आले, रांगेत उभे राहिले आणि पुढच्या आसनावर बसले. नाना तिकिटे फाडत त्यांच्यापाशी आले तेव्हा त्यांनी पैसे काढून हातावर ठेवले. "नको म्हटले तर म्हणाले, 'ड्यूटीवर आहेस ना? मग तिकीट दे.' दिले. पंच करून दिले. त्यांनी ते उजेडात धरून भोक नीट पडले आहे का ते पाहिले."

उज्जैनबाहेर काही मैलांवर पूर्वी रूळ रस्ता ओलांडत असे. रूळ जाऊन तीन वर्षे झाली होती, फाटकाचा मागमूस नव्हता. पण ड्रायव्हर जुना होता. त्याने सवयीने तिथे बस थांबवली, दोन्हीकडे पाहिले. मागून कोणीतरी ओरडले, कशाला थांबला? आबा आसनावरून अर्धवट उठले, त्यांनीही डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि मग नानांना म्हणाले, "चलू दे."

"तेवढेच?" मी विचारले.

"तेवढेच. उतरताना म्हणाले, बस वेळेवर आली."

परतीच्या चढावर गाडी हळू चालत होती. पूर्वी या चढाला मागून दुसरे इंजिन लावून ढकलत, असे तो ट्रेन मॅनेजर सांगत होता. नाना त्याला रोडवेजच्या गोष्टी सांगत होते : थंडीत हँडल मारून बस सुरू करावी लागे, वे-बिलात चार आण्यांचा फरक आला तर रात्र जाई. त्या तरुणाने रोडवेज पाहिलीच नव्हती. २००५ साली सरकारने ती बंद करण्याचे ठरवले तेव्हा तो शाळेतही जात नसेल. "बसला कोणी वारसा म्हणत नाही," नाना त्याला म्हणाले. २०२५ मध्ये सरकारने पुन्हा सार्वजनिक बससेवा आणण्याचे ठरवल्याचे त्याने सांगताच नानांनी विचारले, "कंडक्टर पाहिजेत का?"

उज्जैनला पोहोचायला रात्र झाली. पोरे पेंगुळली होती. घराची गल्ली आली तेव्हा नाना मुलाला म्हणाले, "थोडा पुढे घे. आगर रोडने."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मंडी मागे पडली, दिवे विरळ झाले. बरेच पुढे गेल्यावर एका ठिकाणी नाना म्हणाले, "इथे थांबव." दोन्हीकडे दुकाने होती, बंद. एक ढाबा तेवढा उघडा. रस्ता सरळ आणि गुळगुळीत. मुलाने मोटार उभी केली आणि विचारले, "काय आहे इथे आजोबा?"

नानांनी काच खाली केली. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले.

"चल," ते म्हणाले. "काही येत नाही."