डिस्कची वाटणी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्तीला नेला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं : ‘फॉरमॅट मारून देतो.’ भाच्याला इंजिनिअरिंगसाठी लिनक्स हवं होतं, पण विंडोजही ठेवायचं होतं. त्याला म्हटलं, घरीच बसू.

*

आधी बॅकअप. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि पार्टिशन लहान होत असताना मशीन बंद पडलं तर डेटा जाऊ शकतो. बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय हात लावला नाही.

*

सी ड्राइव्ह लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. फास्ट स्टार्टअप बंद. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. मोबाइलवर फोटो काढून भागवू नये.

*

जुन्या एमबीआर पद्धतीत वाटणीचा सगळा तक्ता पहिल्या सेक्टरच्या ६४ बाइटांत, प्रायमरी हिस्से चारच. नव्या जीपीटीत हिस्से १२८ आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. वाटणीपत्राची प्रत वेगळ्या कपाटात ठेवणारं घर शहाणं.

*

बूटलोडरवर, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम उठवणाऱ्या प्रोग्रॅमवर, भाच्याशी वाद झाला. त्याला सिस्टिमडी-बूट हवा होता. तो साधा आणि चपळ आहे, हे खरं. पण तो लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम वाचत नाही, म्हणून कर्नल सहसा बूटच्या फाइलींसाठीच्या ईएफआय पार्टिशनवरच ठेवावा लागतो, आणि विंडोजनं ते बहुधा केलेलं असतं १०० एमबीचं. दोन-तीन कर्नल आले की जागा संपली. माझा पर्याय ग्रब; तो ईएक्सटी४ वाचतो. कर्नल लिनक्सच्याच हिश्श्यात राहतो, ईएफआयवर जातात चार-दोन छोट्या फाइली. ग्रबच घेतला. ते ईएफआय पार्टिशन मात्र फक्त वापरायचं, फॉरमॅट करायचं नाही. इथं चुकलं की विंडोज उठत नाही.

*

मेन्यूत विंडोज दिसेना. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसरी सिस्टिम शोधणं मुळात बंद असतं. ते शोधणारा ओएस-प्रोबर चालू केला, मेन्यू नव्यानं बनवला, दिसलं.

*

विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे! लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं तरी चालतं.

*

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांचा लॅपटॉप ११ घेत नाही, त्यांनी तो भंगारात घालू नये. पन्नास-साठ जीबी मोकळी करा आणि लिनक्स टाका.