मुरलेल्या चालकाची शाळा

ऐन विशीत आरटीओच्या मैदानात आठ काढून मिळवलेलं लायसन्स हल्ली चाळिशीपर्यंत चालतं. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. गाडी कशी चालवता, हे मात्र कुणी विचारत नाही. मुदत संपून वर्ष उलटलं नसेल तर चाचणीही नाही. मधल्या काळात गाडी बदललेली असते. जुन्या शिकवणीत ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबत-सोडत मारायचा. एबीएसच्या गाडीत तो जोरात दाबून धरायचा असतो. तेव्हा पेडल पायाखाली थरथरतं, आणि हे ठाऊक नसलेला मुरलेला चालक नेमका त्याच क्षणी दचकून पाय उचलतो.

‘इतकी वर्षं चालवतोय, गाडीला ओरखडा नाही’ हे उजळणी वर्ग करा म्हटल्यावर मिळणारं नेहमीचं उत्तर. विमा कंपनीही त्यावर नो क्लेम बोनस देते. पण अनुभव शिकवतो तो चुकीची किंमत लगेच मोजावी लागते तिथे. रस्ता बहुतेक चुका माफ करतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद मोबाईलकडे पाहिलं, तर तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. बहुधा त्या ५५ मीटरांत कुणी नसतं. मग सवय पक्की होते आणि आपण तिला हातखंडा म्हणतो. मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांच्या १९८१ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या ९३ टक्के चालकांनी कौशल्यात स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं होतं. आपल्याकडे उरलेले सात टक्के तरी सापडतील का, शंकाच आहे.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे: अशा वर्गांनी अपघात कमी होतात का? लायसन्सधारकांच्या प्रशिक्षणावरच्या चाचण्या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा तसा पुरावा मिळाला नाही. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावरचं नियंत्रण शिकवल्यावर तरुण पुरुषांचे अपघात उलट वाढले. हे मला पटतं. हात सफाईदार झाला की पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. आणि वेग वाढवायला कुणाचं कौशल्य कमी पडत नाही. तेव्हा कसब वाढवणाऱ्या वर्गात पैसे घालू नयेत. शेजारी बसून पुढच्या गाडीपासूनचं अंतर, आरशाकडे न गेलेली नजर, मागच्या सीटवरचा न लावलेला पट्टा दाखवून देणारा प्रशिक्षक मिळाला, तर मात्र जावं. त्यानेही अपघात टळतीलच असं नाही. पण घरचे भीडेपोटी जे बोलत नाहीत, ते तो बोलतो. धोकादायक रसायनांचा टँकर चालवणाऱ्याला उजळणी वर्ग सक्तीचाच आहे. त्याच्यापुढे घाटात गाडी दामटणाऱ्या मोटारवाल्याने नूतनीकरणाच्या वर्षी एक शनिवार सकाळ द्यायला काय हरकत आहे?