एक नुक्ता

आमच्या आत्याबाई निरक्षर होत्या. परंतु जात्यावर बसल्या म्हणजे त्यांच्या तोंडून ओव्या अखंड वाहत. गेवराईच्या घरी आम्ही त्या दोन वह्यांत उतरून घेतल्या. पुढे पुण्याच्या पुतण्याने त्या संगणकावर चढवून ‘गिट’च्या हवाली केल्या. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेली ही व्यवस्था प्रत्येक फेरफाराची नोंद राखते. ‘काका, आता एक शब्दही हरवायचा नाही,’ असे त्याने सांगितले आणि आम्ही निश्चिंत झालो.

अखेरच्या दुखण्यात आत्याबाईंनी काही ओव्या दुरुस्त करून सांगितल्या. त्या आम्ही पुतण्यास कळविल्या व त्याने लागलीच चढविल्या. त्या गेल्यावर आम्ही ‘दुसऱ्या वहीतील ओव्या’ उघडल्या, तो दुरुस्त्या नाहीत! आणि आता विचारावे तरी कोणाला?

पुतण्या धावत आला. यादीत तेच नाव दोनदा होते. एक नक्कल समजून आम्ही ते सोडून दिले होते. गिटच्या रचना अनेक आहेत: मूळची सी भाषेतील, जावातील जेगिट, शिवाय लिबगिट२. आमच्याकडे एक होती, त्याच्याकडे दुसरी. त्याने एकच वही दोन्ही संगणकांवर नोंदविली आणि गिट काढते ते चाळीस चिन्हांचे ठसे ताडून पाहिले. मजकुराचा ठसा जुळला, यादीचा जुळेना. खोट निघाली ‘दुसऱ्या’तील ‘ऱ’मध्ये! एका संगणकाने ते सबंध अक्षर मानले होते, दुसऱ्याने ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. युनिकोड या दोहोंस समान मानते. ठसा मानीत नाही. मूळ गिटमध्ये २०१२ साली यावर तोड निघाली. परंतु प्रत्येक रचना ती पाळीलच असे नाही.

आमच्या वरच्या अंगास, गोदाकाठी पैठणात, एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. प्रत्येक लेखकास आपली पोथी बरोबरच वाटत असणार; दोष कळतो तो दोन शेजारी ठेवल्यावर. यंत्रांचेही तसेच. व्यवहारात घालण्यापूर्वी त्यांस एकमेकांच्या हातचे वाचावयास लावले पाहिजे.

दुरुस्त ओव्या त्या दुसऱ्या नावाखाली सुखरूप सापडल्या. आत्याबाईंना ‘ऱ’ लिहिता येत नव्हता. उच्चारताना मात्र त्या एकदाही चुकल्या नाहीत.