साक्षीची झाडे

आपल्याकडचे एखादे जुने खरेदीखत हाती घ्यावे आणि त्यातील चतुःसीमेच्या मजकुरापाशी थोडे थांबावे. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस देवीच्या नावाने सोडलेली पड जमीन. शेताची ही ओळख म्हणजे एका अर्थी शेजाऱ्यांचीच ओळख होय. शेजारी कोण हे ठाऊक नसेल, तर त्या कागदावरून शेत कोठे आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. आमच्या आजोळी एका बांधावरून दोन घरांत पंचवीस वर्षे वाद चालला. त्यात मुख्य साक्षीदार एक चिंचेचे झाड होते. खतात ‘चिंचेपर्यंत’ एवढेच लिहिलेले. ती चिंच वळवाच्या एका पावसात उन्मळून पडली, आणि पुढे कित्येक वर्षे ती नेमकी कोठे उभी होती याच्याच साक्षी होत राहिल्या. बांध कोरण्याची कला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

अशा परंपरेत वाढलेल्या माणसाच्या हाती मध्यंतरी एक निराळाच कागद आला. माझी भाची अमेरिकेत आयोवा राज्यात राहते. तिने तेथे गावाबाहेर घर व थोडी जमीन घेतली, आणि मामाला जुन्या कागदांचा नाद आहे हे जाणून खताची नक्कल मला पाठविली. तीत शेजाऱ्याचे नाव नाही, ओढा नाही, वाट नाही. अमक्या क्रमांकाच्या सेक्शनच्या नैर्ऋत्य चतुर्थांशाचा वायव्य चतुर्थांश, त्यातील इतका भाग. उत्तरेकडील ८३ वी टाउनशिप, पश्चिमेकडील २४ वी रेंज, पाचवे मुख्य याम्योत्तर वृत्त. संपले! प्रथमदर्शनी मला तो मजकूर कैद्याच्या बिल्ल्यासारखा वाटला. परंतु एकेका शब्दाचा उलगडा करू लागलो, तसतशी त्याची गोडी लागत गेली.

८३ वी म्हणजे कोठून मोजून ८३ वी? याचे उत्तर शोधीत गेल्यास आपण आयोवातून सुमारे पाचशे मैल दक्षिणेस, आर्कन्सॉ राज्यातल्या एका दलदलीत जाऊन पोहोचतो. फ्रान्सकडून १८०३ साली विकत घेतलेल्या लुइझियाना प्रांताची मोजणी १८१५ मध्ये येथून सुरू झाली. १८१२ च्या युद्धात लढलेल्या शिपायांना बक्षीस म्हणून जमिनी द्यावयाच्या होत्या, म्हणून ही घाई. प्रॉस्पेक्ट रॉबिन्स हा मोजणीदार आर्कन्सॉ नदीच्या मुखापासून नीट उत्तरेस निघाला, आणि जोसेफ ब्राउन हा सेंट फ्रान्सिस नदीच्या मुखापासून नीट पश्चिमेस. या दोन रेषा जेथे एकमेकींस छेदतील, तेथून सारे मोजावयाचे असे ठरलेले होते. छेद पडला तो नेमका पाण्यात उभ्या असलेल्या झाडीत. त्यांनी तेथील दोन झाडांची साल तासून खुणा केल्या आणि काम पुढे चालू ठेवले. पुढे १९२१ साली दुसऱ्या मोजणीदारांना त्या झाडांवरच्या जुन्या खुणा आढळल्या, आणि १९२६ मध्ये तेथे एक शिलास्तंभ उभारण्यात आला. आज त्या दलदलीवरून लाकडी पायवाट आहे. माझ्या भाचीच्या घराचा पत्ता असा एका चिखलातून निघालेला आहे, हे वाचून मला मोठी मौज वाटली.

या पद्धतीचा मूळ कायदा त्याहूनही जुना, २० मे १७८५ चा. इंग्लंडशी झालेल्या युद्धाने नवे राष्ट्र कर्जात बुडाले होते, आणि विकण्याजोगे जवळ काही असेल तर ते पश्चिमेकडचे रान. जुन्या तेरा वसाहतींत जमिनीची वर्णने थेट आपल्यासारखी होती: या ओकापासून त्या ओढ्यापर्यंत. न पाहिलेली जमीन दूरच्या गिऱ्हाइकाला विकावयाची तर अशा वर्णनाने भागणार नव्हते. म्हणून असे ठरले की, वस्ती होण्यापूर्वीच जमिनीवर रेषा आखाव्यात. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे मैल-मैलाचे ३६ चौकोन, आणि प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. त्याचेच नाव सेक्शन. पुढे १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन मिळू लागली, ती या सेक्शनचा चतुर्थांश होय. चतुर्थांशाचा चतुर्थांश केला की ४० एकर. या ३६ चौकोनांतील सोळावा प्रत्येक टाउनशिपमध्ये शाळेसाठी राखून ठेवलेला असे. शाळा उघडण्यापूर्वी, किंबहुना मुले जन्मण्यापूर्वी, शाळेची जमीन बाजूला काढून ठेवणाऱ्या या दूरदृष्टीचे मला मनापासून कौतुक वाटते.

चौकोनांना क्रमांक देण्याची १७९६ पासूनची रीतही पाहण्याजोगी आहे. ईशान्य कोपऱ्यात पहिला. तेथून पश्चिमेकडे सहापर्यंत जावयाचे, सहाच्या खाली सातवा मांडून पुन्हा पूर्वेकडे वळावयाचे, आणि असे जात-येत आग्नेय कोपऱ्यात ३६ व्यावर थांबावयाचे. औताचे बैल तासाच्या टोकाशी वळून शेजारचे तास धरतात, अगदी तसे. कचेरीत बसून कायदा लिहिणारांनाही अखेर नांगरटच आठवली!

मोजण्याचे साधन म्हणजे एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकात प्रचारात आणलेली ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी. अशा ८० साखळ्यांचा एक मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, असा तिचा सोयीचा हिशेब. आपल्या परिचयाच्या दोन गोष्टींत ती साखळी अजून दडलेली आहे. क्रिकेटच्या दोन यष्टींमधले २२ यार्डांचे अंतर म्हणजे नेमकी एक साखळी. आणि मुंबई इलाख्याच्या मोजणीत वापरलेली ३३ फुटांची साखळी तिच्या निम्मी, जिच्या चौरसाला आपण गुंठा म्हणतो. मात्र साम्य येथे संपते. १८३० नंतर गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी केली, तेव्हा शेते आधीच कसली जात होती. सरकारने त्यांना क्रमांक दिले. आपल्याकडे नांगर आधी आणि साखळी मागून. तिकडे साखळी आधी आणि नांगर मागून.

चौकोनाची ही कल्पना कागदावर जितकी निर्दोष, तितकी जमिनीवर नाही. कारण पृथ्वी वाटोळी आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा ध्रुवाच्या दिशेने एकमेकींच्या जवळ येतात. चाळीस अक्षांशाच्या आसपास सहा मैलांच्या टाउनशिपची उत्तरेकडची बाजू दक्षिणेकडच्या बाजूहून सुमारे चाळीस फुटांनी तोकडी भरते. यावर तोड अशी की, काही अंतरावर, पुढील काळात दर २४ मैलांवर, एक दुरुस्तीची रेषा आखून तेथून मोजणी नव्याने सुरू करावयाची. आणि टाउनशिपमधील कमीजास्त उत्तरेच्या व पश्चिमेच्या कडेच्या चौकोनांत लोटावयाचे. भाचीने लिहिले आहे की, सरळसोट चाललेला रस्ता एखाद्या ठिकाणी विनाकारण उजवीकडे वळतो आणि लगेच पुन्हा उत्तरेचा मार्ग धरतो. शेजारी शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणतो, येथे पृथ्वीचा वाटोळेपणा निघाला.

पण मला सर्वांत विचार करावयास लावले ते खुणांनी. दर अर्ध्या मैलावर खूण करावयाची: दगड किंवा खुंटा, माळरान असेल तर मातीचा ढीग, कित्येकदा त्याखाली कोळसा पुरलेला, कारण कोळसा कुजत नाही. जवळपास झाडे असतील तर त्यांवर सेक्शनचा आकडा कोरून ती साक्षीदार करावयाची, आणि झाडाची जात, खोडाची जाडी, दिशा व अंतर वहीत टिपावयाचे. अशी साक्षीची झाडे तोडणे हा तेथे आजही गुन्हा आहे. या वह्यांवरून आजचे शास्त्रज्ञ वस्तीपूर्वीची अरण्ये कशी होती याचा अंदाज बांधतात. आमच्या आजोळच्या चिंचेची जाडी आणि अंतर कोणी असे टिपून ठेवले असते, तर दोन घरांतील सोयरिकी तुटल्या नसत्या.

आणि या खुणांचे सामर्थ्य केवढे पाहा! १८०५ च्या कायद्याने ठरविले की, मूळ मोजणीदाराने जमिनीवर जेथे कोपरा रोवला, तोच खरा कोपरा. साखळी ताणलेली असो की मोजणीदार तापाने फणफणत असो. मैल काही फुटांनी कमी भरला तरी खूण हलवावयाची नाही. त्या खुणेवर विसंबून माणसाने घर बांधले, विहीर खणली. आता गणित खरे करण्यासाठी त्याला उठविणे अन्याय होईल. गणितावर उभारलेल्या पद्धतीने गणितापेक्षा माणसाच्या विश्वासाला वरचे स्थान द्यावे, हे मला त्या साऱ्या कायद्यातले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते.

ते मनात घोळत असतानाच एक प्रश्न उभा राहतो. वस्तीपूर्वीची अरण्ये असे मी सहज लिहून गेलो; परंतु त्या अरण्यांत वस्ती नव्हती असे कोणी सांगितले? १७८५ च्या शरदात टॉमस हचिन्स याने पेन्सिल्व्हेनियाच्या सीमेवर ओहायओ नदीकाठी पहिली रेषा सुरू केली, ती काही मैलांवरच थांबली. कारण पुढच्या मुलखातील लोक विरोध करतील अशी वार्ता आली. त्या लोकांनाही गावे होती, मक्याची शेते होती, पूर्वजांची स्मशाने होती. त्यांच्या खुणांवरही पिढ्यान्‌पिढ्या कोणी विसंबले होते. मात्र त्यांना कोपऱ्याचा मान मिळाला नाही. १८८७ च्या कायद्याने तर त्यांच्या सामाईक राखीव मुलखावरच हे चौकोन आखले: कुटुंबप्रमुखाला १६० एकर, आणि वाटून उरेल ते ‘जादा’ म्हणून विक्रीस. त्या वर्षी त्यांच्याकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ साली ती सुमारे ४ कोटी ८० लाख एकर उरली.

आयोवातीलच गोष्ट सांगतो. मेस्क्वाकी म्हणजे तांबड्या मातीचे लोक. १८४२ च्या तहाने त्यांना व सॉक लोकांना मध्य आयोवावरील हक्क सोडून कॅन्ससकडे जावे लागले. परंतु मेस्क्वाकींचे मन तेथे रमेना. त्यांतील कित्येक हळूहळू जुन्या नदीकाठी परत आले. तोवर त्या मुलखाचे चौकोन पडून ते विक्रीस निघाले होते. १८५७ साली त्यांनी टामा परगण्यात ८० एकर जमीन रोख पैसे मोजून विकत घेतली, सेक्शनचा अष्टमांश. खत त्यांच्या नावावर होणे शक्य नसल्याने राज्याचा गव्हर्नर विश्वस्त झाला. पुढे त्यांनी तुकड्याला तुकडा जोडीत ती वाढवीत नेली, आणि आज ती आठ हजार एकरांहून अधिक आहे. त्या प्रत्येक तुकड्याचे वर्णनही त्याच आर्कन्सॉच्या दलदलीपासून मोजलेले आहे.