अर्धे अक्षर

दिवाळीला चिरंजीव पुण्याहून देवणीला आले, की घरात दोन आवाज सुरू होतात : स्वयंपाकघरात तळणाचा आणि माडीवर संगणकाच्या कळांचा. मी पडलो मराठीचा प्राध्यापक! त्या दुसऱ्या आवाजाशी माझा संबंध वीजबिलापुरताच.

यंदा मात्र काम माझेच होते. माझ्या आईच्या बोलीतले शब्द मी टिपून इंटरनेटवर ठेवले होते. ते उतरवून घेण्यासाठी तो ‘लिबकर्ल’ वापरीत होता. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचे हे साधन २००० सालापासून प्रचारात आहे. ते मजकूर तुकड्यातुकड्यांनी देते. तुकडा आला, की आपण नेमलेल्या फंक्शनला हाक मारते, हाच कॉलबॅक. त्याने तुकडा घ्यायचा आणि किती बाइट घेतले ते सांगायचे. आकडा चुकला, की काम थांबले!

मला आमचे खळे आठवले. ज्वारी मापताना पोते धरणाऱ्याने ‘लाभ’ म्हटले, की मगच दुसरे माप पडे.

पण आईच्या शब्दांत मधेच प्रश्नचिन्हे उमटू लागली. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, ‘देवणी’ला पंधरा. तुकडा सहसा फार तर १६,३८४ बाइटांचा. त्याला तीनने पुरता भाग जात नाही. शिवाय तुकडा कोठेही तुटतो. अक्षर मधोमध चिरले जाते.

चिरंजीवांनी अर्धे अक्षर बाजूला ठेवले आणि पुऱ्या अक्षरांचेच बाइट मोजून सांगितले. काम ठप्प!

रात्री त्याला चूक उमगली. “बाबा, घेतलं किती आणि समजलं किती, हे हिशेब वेगळे. घेतलं सगळं म्हणायचं. अर्धं अक्षर जपून ठेवायचं आणि पुढच्या तुकड्याला जोडायचं.”

मी गप्प झालो. गेल्या दिवाळीत “बाबा, इंजिनिअरिंग सोडून—” एवढेच तो बोलला होता, आणि मी तासाभराचे व्याख्यान दिले होते. त्यानंतर वर्षभर फोनवर केवळ खुशाली.

“गेल्या वर्षीचं तुझं वाक्य अर्धंच राहिलंय,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले. मग हळूहळू बोलू लागला. सगळे मला समजले, असे नाही. पण या वेळी मी मधे बोललो नाही; तो थांबला, की फक्त “हं” म्हणत गेलो.